अर्धा शिक्का

डाळ मिलच्या ऑफिसात टपाल यायचं
रंगूनहून, दारेसलामहून, तुरीच्या भावाचं.
पत्र शेठजींचं,
पाकिटाचा कोपरा माझा.
हा करार शिवमूर्तीअप्पांनी लावून दिला,
हमालांचे मुकादम.

लातुरात तेव्हा नळाला आठव्या दिवशी पाणी.
तरी एक तांब्या मी बाजूला काढायचो.
ताटलीत कोपरे भिजत घालायचे,
डिंक सुटेपर्यंत हात लावायचा नाही.
मग एकेक सुटून वर यायचं:
इरावतीचा काठ, बर्फाचा डोंगर,
कॅनडातलं दातेरी कडांचं तळं,
अंगठ्याच्या नखाएवढं,
आमच्या आठवड्याच्या पाण्यात तरंगणारं.

कलावती म्हणायची,
"तळं भिजवायला बी पाणी लागतं व्हय?"
आणि उरलेलं
शेवग्याच्या बुंध्याशी ओतायची.
शेंगा चिकट लागतात म्हणायची. खोटंच.

वही भरत आली.
कसरीसाठी पानापानात लवंगा.
एक पान मात्र कोरं ठेवलंय:
बालाघाटाची बोडकी उतरण,
काळं रान, बांधावर तरवडाचं पिवळं,
मांजराच्या कोरड्या पात्रात बसलेल्या म्हशी...
कुणी छापलं असेलही.
माझ्यापर्यंत आलं नाही.

परवा त्या बर्फाच्या डोंगरावर भिंग धरलं.
शिक्का घाईत ठोकलेला, अर्धाच उमटलेला.
महिना वाचता येतो, गाव नाही.
शिखरामागून काळं काहीतरी
उगवतंय.

चाळीस वर्षं मी ते तिकीट
खराब म्हणून
शेवटच्या पानावर ठेवलं होतं.