लिंबाच्या कुंडीचा विसर्ग

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं
मी आकडे लिहिले.
कोयनेतून इतके क्युसेक, वारणेतून इतके,
सांगलीत आयर्विन पुलापाशी इतके फूट, इतके इंच.
अक्षर वळणदार, म्हणून रजिस्टर माझ्याकडंच.

आणि गच्चीवरचं लिंबू
माझ्या डोळ्यांदेखत बुडत होतं.

पानं पिवळी पडली, वाटलं तहान.
घातलं पाणी.
आणखी पिवळी, आणखी पाणी.
शेवटी बोट खुपसलं पेरापर्यंत
तर खाली सगळा राडा,
आणि वास,
पूर ओसरल्यावर जिन्याखाली राहतो तसला.

डिस्टेंपरची वीस लिटरची बादली.
रंगाऱ्यानं फुकट दिली म्हणून मिरवत आणलेली,
बुडाला भोक पाडायचं राहूनच गेलं.
वर मळीची काळी माती,
चप्पल सोडत नाही ती, पाणी काय सोडणार.

खिळा तापवून लावून बघितला.
प्लास्टिक वितळलं, धूर झाला, भोक परत मिटलं.
बोट तेवढं भाजलं.

शनिवारी बाजारात गेले.
मेथीवाल्या बायका संपतात तिथून पुढं
पोत्यावर लोखंड मांडून दस्तगीर शिकलगार बसतो.
पाने, पकडी, दांडा नसलेली खुरपी,
एका कुलपाच्या सात किल्ल्या, कुलूप नाही.
मी एक हातड्रिल उचललं.
दात्यांचं चाक, लाकडी मूठ,
मुठीवर कोरलेलं : ग. बा. सु.

"तीनशे."
"गंज बघा की."
"गंज वरचा हाय, मावशी. फिरवून बघा, पाण्यागत फिरतंय."
"शंभर."
तो रॉकेलच्या फडक्यानं पाना पुसत राहिला.
मी चार पावलं पुढं गेले. हा जुना उपाय.
त्यानं हाक मारली नाही. हा त्याहून जुना.

परत आले. एकशे साठ,
वर एक बोथट खुरपं, धार लावून.
"हे ग. बा. सु. कोण?"
"पुरानंतर लोकांनी ढिगानं लोखंड काढलं,
मी किलोवर घेतलं.
नावं वजनात धरत न्हाईत, मावशी."

घरी येऊन चाकाला खोबरेल पाजलं.
लिंबू वर्तमानपत्रावर आडवं,
कुजकी मुळं छाटली, उरली मूठभर,
पांढऱ्या टोकांची.
बादली पालथी घालून चाक फिरवलं.
प्लास्टिकच्या पिळदार शेवया निघत गेल्या
आणि पडलं पहिलं भोक, गोल, स्वच्छ.
त्याच्याखाली दुसरं.
जरा मागं सरून बघते तर
विसर्ग.
शाळेत बाईंनी गिरवून घेतलेला,
दुःखाच्या पोटातला, दोन टिंबांचा.
"विसर्ग वाढवण्यात येत आहे"
असं मी एकतीस पावसाळे लिहिलं
आणि तो असा कधी दिसला नव्हता.

भोकांवर फुटक्या कौलाच्या खापऱ्या, उपड्या,
वर नारळाची शेंडी,
काळ्या मातीत निम्मी वाळू, उसाची कुजकी चिपाडं.
मग लिंबू. मग एक तांब्या पाणी.

धरणाचं दार उचललं की
पाणी पुलाशी कधी पोचतं, मला तोंडपाठ आहे.
बादलीचा हिशेब मात्र येईना.
उकिडवी बसून राहिले.
वर एक बुडबुडा आला, फुटला,
आणि बुडातून चहाच्या रंगाची धार,
गच्चीच्या उतारानं, पन्हाळीतून,
थेट खाली भोकरे वहिनींच्या सांडग्यांवर.

"काय सोडलंय वरनं?"
मी कठड्यावरून वाकले
आणि सवयीनं तोंडातून गेलं,
"नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा."
त्या हसल्या नाहीत.
संध्याकाळी अर्धा किलो उडीद डाळ देऊन आले.

कॅलेंडरच्या चौकोनात लिहिलंय :
लिंबू. आवक एक तांब्या, विसर्ग पाऊण.
नवीन पान अजून नाही.

ड्रिल जिन्याच्या तोंडाशी खिळ्याला टांगलंय,
अक्षरं बाहेरच्या बाजूला.
कुणी ओळखलं तर न्यावं.