बारावी खुर्ची

पवित्र गुरुवारी मी पाय घरीच धुऊन जायचो.
विहिरीवर, साबण लावून, काथ्यानं टाचा घासून,
नखं काढून, बोटांच्या बेचक्यात पावडर.
फादरांना माझ्या पायांवर
धुण्यासारखं काही सापडू नये, एवढीच काळजी.
सव्वीस वर्षं. बारा जणांत खुर्ची अकरावी,
वीतभर पुढं ओढलेली.

लोक म्हणत, मास्तर किती नम्र.
मी मान खाली घालायचो
आणि ती किती खाली गेली ते मनात मोजायचो.

पहिलं वाचनही माझंच.
वेंगुर्ल्यापासून शिरोड्यापर्यंत
'न' आणि 'ण' वेगळा ठेवणारा दुसरा माणूस नव्हता,
निदान मी तो शोधला नव्हता.
माझ्या वर्गात 'आसा' म्हणायला बंदी होती.
आहे म्हणा. आ-हे.
देवाच्या पुस्तकात 'आहे' लिहिलंय.

यंदा बारावी खुर्ची रुमाल्डची,
पण त्याची होडी वेळेवर लागली नाही.
फादर इनासनी दारातल्या बस्त्यावला हाक मारली.
चिरेखाणीवरून थेट आलेला,
गुडघ्यापर्यंत तांबडा.
मी माझी खुर्ची जराशी सरकवली.
फरशीवर आवाज झाला. सगळ्यांनी ऐकला.
बस्त्याव अंग चोरून बसला.

फादरांचे गुडघे आता गेलेत.
एकेकापाशी उठबस करत ते माझ्यापर्यंत आले,
माझ्या स्वच्छ पायांवर पाणी पडलं
आणि स्वच्छच खाली गेलं.
मग ते उठेनात.
वेदीवरची पोरं धावली, त्यांना धरून बसवलं.
त्यांनी तांब्या माझ्यापुढं केला.
"मास्तर, एवढा एक तुम्ही."

मी वाकलो. खोटं कशाला बोलू,
आपण वाकताना कसे दिसत असू
हा विचार माझ्याआधीच वाकून बसला होता.

मग पाय दिसले.
भेगांत जांभ्याची माती,
चिरा पडून काळं झालेलं अंगठ्याचं नख.
हे पाय मी पाहिलेले होते.

तिसरीत होता. उशिरा आला.
"मास्तर, आये आजारी आसा."
मी म्हटलं, आहे.
तो म्हणाला, आसा.
मार्चची दुपार, शाळेपुढचा कातळ, अनवाणी.
घंटा होईपर्यंत तो एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवायचा,
मग दुसरा पहिल्यावर, बगळ्यासारखा.
वर्ग हसला.
मीही हसलो.

मी पाणी ओतलं. परात तांबडी झाली.
एका तांब्यानं निघेना, दुसरा घेतला.
"बस्त्याव," एवढंच तोंडातून आलं,
पुढचं वाक्य, एवढं व्याकरण शिकवूनही,
जुळेना.
तोच खाली झुकून हळू म्हणाला,
"मास्तरांनु, पाणी थंड आसा. बरा वाटता."

"आसा," मी म्हटलं.
"व्हय. थंड आसा."

मिस्सा झाल्यावर परातीतलं पाणी
पास्कीणबाईनं माडाच्या मुळात ओतलं.
कुणाचे पाय, कुणाची माती, माड विचारत नाही.
त्याला मोरीचंही चालतं.

आणि मी? घरी जाताना वाटेतच
ही गोष्ट कुणाला कशी सांगायची
याची जुळवाजुळव करत होतो,
कुठं थांबायचं, आवाज कुठं उतरवायचा.
खाडीचा चिखल असतो तसा हा गर्व,
वहाण धुऊन ठेवली तरी
पट्ट्याखाली थोडा राहतोच.

दिव्याखाली बघितलं तर
सदऱ्याच्या बाहीवर तांबडा डाग.
जांभ्याचा डाग निघत नाही.
उद्या शुक्रवार, वाचन माझंच.
बाही दुमडून झाकला तर गर्व,
दिसू दिला तर त्याहून मोठा.
अजून ठरलेलं नाही.
सदरा बादलीत भिजत पडला आसा.