दुधाच्या शेजारी

माइतेच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या शेजारी
एक डबी. झाकणावर लाल पेनानं: खायचं नाही.
आत ओली वाळू, आणि वाळूत
मिरीच्या भरडीसारखं काळं बी.
भाच्यानं, बेन्यातनं, उघडून हुंगलं, तोंड वाकडं केलं:
"आत्या, कुणाचे मोजे ठेवलेस यात?"

वास खराच. पेन्स्टेमनच्या बियांना तो येतोच.
एल्कोच्या वरच्या उघड्या उतारावर
वर्षाकाठी वीतभर पाऊस, तोही मनात आलं तर;
तिथल्या वाळल्या बोंडांतलं हे बी.
उबेवर त्याचा भरवसा नाही.
जानेवारीतल्या एखाद्या उन्हाला
हुरळून वर आलं, तर मेलंच.
म्हणून ते थंडी मोजत बसतं,
साठ दिवस, सत्तर,
आणि काही दाणे
त्यानंतरही नाहीच म्हणतात.

माइते एचेवेरी, तीस वर्षं शाळेची बस चालवलेली,
दारादारांत पोरांची वाट बघून मुरलेली बाई.
तिनं कॅलेंडरवर फुल्या मारल्या,
मार्चात कुंड्या भरल्या.
उगवलं. टाचणीच्या डोक्याएवढं हिरवं.
मग सकाळी पाणी. संध्याकाळी पाणी.
मधे राहवेना म्हणून थोडं.
आठवड्यात सगळी रोपं
देठाशी कुजून आडवी.

"मरा तिकडे," ती बास्कमध्ये म्हणाली,
त्या भाषेत ते जास्त लागतं,
आणि कुंड्यांतली माती
टपालपेटीच्या खांबाशी, खडीत उपडी केली.
जे उगवलंच नव्हतं, तेही त्यात गेलं.

खडीकडे कोण बघतं?
बर्फ पडला, रस्त्यावरचाही तिथंच लोटला गेला.
पुढच्या वसंतात
जमिनीला चिकटलेले पानांचे चार झुबके.
तण, असं म्हणून ती उपटायला वाकली,
पण गुडघ्यानं ऐकलं नाही.

त्यानंतरच्या मे महिन्यात
कमरेएवढ्या काठ्या,
आणि काठीभर लाल नळ्या, सगळ्या एकाच अंगाला कललेल्या,
कुणी पेटवायची विसरलेली
फटाक्यांची माळ जशी.
एक हमिंगबर्ड दिवसभर हिशेब तपासत होता.

टपालवाला ऑर्विल आता गाडी अलीकडेच थांबवतो,
उतरतो, वळसा घालून पत्रं टाकतो.
विजेचं बिल पाच मिनिटं उशिरा येतं.

माइते पायरीवर बसते.
झारी तिनं शेजारणीला देऊन टाकली आहे,
तरी उजवा हात मांडीवर
अजून जरासा कललेलाच.