वाळवण

ऑगस्टातल्या पहिल्या कोरड्या सकाळी
आम्ही मंदिराचं कोठार उघडतो.
किल्ली वीतभर लांब. कुलूप तिला ओळखण्याआधी
दोनदा नकार देतं.
मग कापराचा वास बाहेर येतो,
उंबऱ्यावर जरा थबकतो,
आजारातून उठलेल्या माणसासारखा.

दोऱ्या आदल्या रात्रीच ताणलेल्या,
या खांबापासून त्या खांबापर्यंत.
ऊन लागू द्यायचं नाही, वारा लागू द्यायचा,
आणि हात कोरडे केल्याशिवाय रेशमाला शिवायचं नाही.
सासूबाईंनी पहिल्या वर्षी मला एवढंच शिकवलं.
बाकी समुद्राकडून शीक, म्हणाल्या.

गेन्शो जुन्या वहीतून वाचतात, मी "आहे" म्हणते.

निर्वाणाचं चित्र, एक.
आहे.
बुद्धाभोवती रडणाऱ्या प्राण्यांत, खाली कोपऱ्यात,
एक खेकडाही आहे.
चित्रकाराला महिनाभर जेवू घालणारे इथले कोळी
म्हणाले असतील, आमचंही कुणी रडू दे की.

लाकडी कानोन, दीड हात उंच.
आहे.
डावा तळवा नाही. तो आगीत गेला की दुष्काळात
कुणी चुलीत घातला, यावर गावात दोन पक्ष,
आणि आजोबांच्या काळापर्यंत
त्यांच्यात सोयरीक होत नसे.

सूत्रांच्या गुंडाळ्या, बावीस.
एकवीस आहेत.
बाविसावी उंदरांनी वाचली,
असं वहीतच लिहिलंय, सुबक अक्षरात.

घंटा, एक.

इथे गेन्शो चष्मा पुसतात.
"गावाला गेलीय," मी म्हणते.
सासूबाई हेच म्हणायच्या,
त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई.

लढाई लांबली तेव्हा तिला खाली उतरवलं.
सरकारला कासं हवं होतं.
फौजेत निघालेल्या पोरांना बांधत
तसा लाल पट्टा तिच्या अंगावर बांधला,
हामासाकींच्या बैलगाडीत चढवली,
शाळा सोडून मुलं झेंडे घेऊन उभी.
तोमिए, म्हणजे सासूबाई, तेव्हा नऊ वर्षांच्या.
गर्दीतून हात घालून त्यांनी घंटेला स्पर्श केला
आणि ओरडल्या, हिला ताप आलाय!
मोठी माणसं हसली.
मग एकेक करून हसायची थांबली.

कारकून म्हणाला, वहीत लिहा, दान दिली.
तेव्हाचे भिक्षू वाकून हो म्हणाले
आणि लिहिलं, उसनी दिली.

ओझं गेलं तसं घंटाघर हलकं झालं,
वादळात करकरू लागलं, छप्पर उचलू लागलं.
मग किनाऱ्यावरचा एक काळा दगड
तिच्या वजनाला वजन जुळवून आणून टांगला.
अजून तोच आहे.
नव्या घंटेसाठी तीनदा वर्गणी निघाली.
एकदा धक्क्याची भिंत झाली, एकदा शाळेचं छप्पर.
तिसऱ्यांदा काय झालं ते विचारू नका,
खजिनदार माझे मामेसासरे होते.

वर्षाच्या शेवटच्या रात्री लोक येतात,
ओंडका मागे ओढतात, दगडावर सोडतात.
ठक्.
एकशे आठ वेळा ठक्.
बाहेरगावचे पाहुणे एकमेकांकडे बघतात.
आमची माणसं डोळे मिटतात.

यंदा सासूबाईंना खुर्चीसकट दालनात आणलं.
नव्वदी उलटली. माझं नाव त्यांना
सकाळी आठवतं, दुपारी नाही.
चित्राकडे पाहिलं नाही, कानोनकडेही नाही.
गेन्शोंनी वाचलं, घंटा, एक.
मी तोंड उघडण्याआधी त्याच म्हणाल्या,
"आली का?"

कोणीच काही बोललं नाही.
बाहेर कुणाची तरी होडी सुरू होईना.

"वाटेत आहे," गेन्शो म्हणाले.
ज्यांनी मला कधी खोटं बोलू दिलं नाही, ते.

"तापली असेल," सासूबाई म्हणाल्या,
"लगेच हात लावू नका तिला."

तीन वाजता वारा ओला होतो, आवरायला घ्यावं लागतं.
चित्र खालून गुंडाळायचं असतं.
आधी खेकडा आत जातो,
मग हत्ती, मग रडणारे शिष्य,
मग निजलेले बुद्ध, पायांपासून डोक्यापर्यंत सगळे एकदम,
मग झाडांचे शेंडे.
सगळ्यात शेवटी चंद्र.