चार्ज

जाहिरातीत लिहिलं होतं :
पदवी, शक्यतो विधी शाखेची,
टंकलेखन मराठी तीस, इंग्रजी चाळीस,
गोपनीय अहवाल निष्कलंक.
एवढं माझ्याकडे होतं.
म्हणून पवनीच्या दिवाणी न्यायालयात
मी अधीक्षक झालो, तीस एप्रिलच्या संध्याकाळी,
कूलरमधलं पाणी संपलेलं असताना.

खोब्रागडे बाईंनी चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला
आणि नव्या माणसाला गावातली घरं दाखवावीत
तशी एकेक चावी दाखवत गेल्या.
ही अभिलेख कक्षाची.
कुलूप आधी थोडं वर उचलायचं, मग फिरवायची.
पावसाळ्याआधी खालचे गठ्ठे वर घ्या,
वाळवीला स्थगिती कळत नाही.

ही मुद्देमालाची.
आत सतरा कुऱ्हाडी, एक सायकल,
आणि बैलाची घुंगरमाळ.
बैल केव्हाच गेला. फिर्यादीही गेला.
आरोपी दर पोळ्याला येतो,
विचारतो, हाय ना जी माळ?
दाखवायची. हातात द्यायची नाही.
अपील बाकी आहे.

आणि ही? मी विचारलं.
करंगळीएवढी, पितळी.
माहीत नाही, बाई म्हणाल्या,
मला गजभियेंनी दिली, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी.
यादीत आहे ना? मग असू द्या.

मी सही करत होतो. त्या बोलत होत्या,
माझ्याकडे नाही, खिडकीतल्या चिंचेकडे बघत :
समन्स काढताना बापाचं नाव बघा.
बापाचंही सारखं निघालं तर आजाचं विचारा,
नाहीतर बेलिफ भलत्याच्याच दारात उभा राहतो
आणि तो भलता घाबरून तालुका सोडतो.
साडेसातच्या बसने येणाऱ्यांच्या तारखा
बोर्डावर वरती घ्या. परतीची एकच बस आहे.
साहेबांना विचारून.
दर नव्या साहेबांना नव्याने विचारून.

मग थांबल्या. पाणी प्यायल्या.
एक फाईल माझ्या हातून चुकली होती, म्हणाल्या.
पाटाच्या पाण्याचा वाद, दोन भावांचा.
नऊ वर्षं भलत्याच गठ्ठ्यात बांधलेली.
सापडली तेव्हा भाऊ एकाच खाटेवर बसून बिड्या ओढायचे.
मी कळवलं. कळवावंच लागतं.
पुढच्या तारखेला दोघं दोन वकील घेऊन आले.
चूक कुणाची, ते मी माझ्या नावानिशी लिहून दिलंय.
पान तुम्हाला सापडेल. फाडलेलं नाही.

पावणेसहाला दारात एक म्हातारा,
हातात पिशवी, पिशवीत दुसरी पिशवी.
नक्कल भेटन का जी?
कशाची?
इहिरीच्या निकालाची. कोर्टानं सांगतलं होतं, इहीर माही.
कुठे आहे विहीर?
पाण्यात. धरणात गेलं न गाव.
मग आता निकाल कशाला?
तो माझ्याकडे असं बघत राहिला
जसं मी विचारलं, नाव कशाला.

सवयीने मी बाईंकडे पाहिलं.
त्या खुर्चीतून उठल्या होत्या,
व्हरांड्यात, पक्षकारांच्या बाकावर बसून
पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या,
ऐकू येत होतं तरी.

साल कोणतं, बाबा?
साल कायचं याद राह्यते जी.
आमच्या घरी सायकल आली त्या साली.
अर्ज लिहून घेतला. त्याचं नाव, बापाचं,
आजाचंही. त्याने अंगठा लावायच्या आधी
धोतराला पुसला.
उद्या या म्हणणार होतो.
मग आसगावच्या बसला किती वेळ आहे ते पाहिलं,
आणि चावी घेऊन निघालो.

कुलूप उघडेना.
पुन्हा फिरवली. उघडेना.
बाकावरून कुणी काही बोललं नाही.
मग आठवलं,
आधी थोडं वर उचलायचं.