घट

गल्लीच्या तोंडाशी माझा फ्लेक्स अजून आहे,
‘सीए झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’,
शेजारी नगरसेवकाचा फोटो, माझ्याहून मोठा.
उन्हानं माझा चेहरा आधी उडाला,
त्याचा आहे तसाच आहे.

अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात
पत्र्याखालच्या केबिनमध्ये बसते मी.
परकीय चलन, होल्डिंग कंपन्या, सगळं शिकून आले,
आणि इथं हमालीच्या पावतीवर
एक अंगठा आणि ‘मल्लू, ४००’.
कुठल्या खात्यात घालू मल्लूला?
पोर्टल गोल गोल फिरतं.
शेठ दारातून म्हणतात, “तुम्हाला येत असेलच.”
त्या ‘असेलच’नं माझी झोप गेली आहे.

मार्चअखेर सूत मोजलं.
वहीपेक्षा काट्यावर अकराशे चाळीस किलो कमी.
नऊनं भागून पाहिलं, भाग जाईना,
म्हणजे अंकांची अदलाबदल नाही.
निम्मं करून पाचशे सत्तर शोधत बसले,
रात्री नऊपर्यंत, डब्यातली कडक भाकरी मोडत.
मग मला चोर दिसायला लागले.
गेटवरचा सिद्राम सकाळी नमस्कार करायचा,
मी त्याच्या डब्याच्या पिशवीकडे बघायची.
दोन दिवस मान हलवली नाही मी.

तिसऱ्या दिवशी रामय्या अण्णा बोलले,
एकतीस वर्षं मुनीम, कानावर पेन्सिल,
मला ‘मॅडम’ न म्हणणारे एकटेच.
“कोइमतूरचं सूत ओलं येतंय अम्मा.
इथलं ऊन पाणी पिऊन टाकतंय त्यातलं.
बाकीचं चल, दाखवतो.”

मागाच्या शेडमध्ये माझाच आवाज मला येईना.
तिरप्या उन्हात सूत उडत होतं,
बारीक, बिनवजनी,
विणणाऱ्यांच्या पापण्यांवर, पाण्याच्या माठावर,
अण्णांच्या पेन्सिलीवर.
त्यांनी हवेकडे बोट केलं
आणि शेरा मारावा तसे म्हणाले, “हे बघ, तुझं.”

आमच्या एकाही पेपरात
उन्हाचं खातं नव्हतं.
पुण्याच्या ऑडिटरला फोनवर सांगितलं,
तो हसला, म्हणाला, “पुरावा पाठवा.”
उन्हाचं बिल कुणाकडून आणू?
‘ऊन’ लिहिलं, खोडलं.
‘नैसर्गिक घट’ लिहिलं.
किती टक्के, ते अण्णांना विचारलं तर म्हणाले,
“उन्हाळ्यावर आहे.”
तेवढी चौकट अजून रिकामीच.

सहा वाजता गेटवर
आज मी आधी हात जोडले.
उशिराची आहे नोंद,
मागच्या तारखेनं घालता येत नाही.
सिद्राम गडबडून स्टुलावरून उठला,
माझ्याकडे बघत राहिला,
मग म्हणाला,
“मॅडम, केसांत कापूस हाय की ओ तुमच्या.”