तिसरं सूप

इराप्पा हेळवी चार सालांनी आला उमदीला.
बैल चिंचेखाली बांधला, घंटा हलतच होती.
चुलत्यानं घोंगडं टाकलं,
पोरांना म्हणाला, मोबाईल बंद करा.

अर्धं कानडी, अर्धं आमचं, असा सुटला तो:
कोडगांचं मूळ कुठलं, देवक कोणतं,
मायाप्पानं पाषाणात विहीर कशी पाडली,
मेंढरातला लांडगा नुसत्या काठीनं कसा लोळवला.
उगीच ताठ बसलो आम्ही.

"मायाप्पाला लेक तीन.
थोरला बिरा. मधला सत्याप्पा..."
चुलत्यानं मान डोलावली, मग खाकरला.
सातबाऱ्यावर दोनच आहेत.
इराप्पा थांबला नाही.
"धाकटा लगमा.
बाहत्तरला खडी फोडायला गेला,
तिकडंच घर केलं. त्याला लेक एक.
पुढचं मला ठाऊक नाही,
तुम्ही सांगा."

कुणी सांगितलं नाही.
बैलानं शेपटी मारली.

आई उंबऱ्यातून आत गेली.
एका घराचं एक सूप जोंधळा, हा रिवाज.
दोन सुपं झोळीत ओतली,
गुडघ्यावर हात ठेवून उठली,
तिसरं भरून आणलं.

"हे कुणाचं?" चुलता म्हणाला.

"नाव घेतलंय की त्यानं, भावजी."